८७, ८९ की ९३? पंपावरच्या आकड्यांचा अर्थ

अमेरिकेत कुठल्याही गॅस स्टेशनवर गाडी उभी केली की पंप आधी एक प्रश्न विचारतो: ८७, ८९ की ९३? (पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत ९३ ऐवजी ९१.) शेजारी नावं असतात रेग्युलर, मिडग्रेड, प्रीमियम. एरवी घासाघीस करणारे आपण गाडीच्या बाबतीत जरा हळवे होतो. महिन्यातून एकदा तरी तिला ‘चांगलं’ पेट्रोल पाजावं असं वाटतं. पण इथे चांगलं म्हणजे नेमकं काय?

इंजिनात दट्ट्या हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसं हे मिश्रणही तापतं. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने शिस्तीत पसरत जाते. पण ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण आपोआप पेटलं, तर दाबाच्या लहरी आदळतात आणि टकटक ऐकू येते. हेच ‘नॉकिंग’. ते जोरात आणि सतत होत राहिलं तर दट्ट्या खराब होऊ शकतो.

पेट्रोल असं अवेळी पेटण्याला किती विरोध करतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. ही मोजपट्टी १९२० च्या दशकात ठरली. सहज नॉकिंग करणाऱ्या हेप्टेनला ० आणि तग धरणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० गुण. ८७ आकड्याचं पेट्रोल ८७ टक्के आयसोऑक्टेन आणि १३ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. म्हणजे हा आकडा ताकदीचा नाही, संयमाचा आहे! ९३ च्या गॅलनमध्ये ८७ च्या गॅलनपेक्षा जास्त ऊर्जा असते, असं नाही.

भारतात किंवा युरोपात पंपावर ९१, ९५ असे आकडे पाहिले असतील, तर इथलं ८७ हलकं वाटेल. पण मोजायची पद्धत वेगळी आहे. तिकडे ‘आरओएन’ हा एकच आकडा लिहितात. इथे तो आणि अधिक कठीण चाचणीतला ‘एमओएन’ यांची सरासरी. पिवळ्या स्टिकरवर ‘आर अधिक एम, भागिले दोन’ हे सूत्र छापलेलं असतं. इथलं ८७ म्हणजे साधारण तिकडचं ९१.

मग निवडायचं कसं? गाडीचं मॅन्युअल किंवा इंधनाच्या झाकणाची आतली बाजू पाहा.

फक्त ८७ लिहिलं असेल, तर ८७ च भरा. प्रीमियमचा काही फायदा नाही. अमेरिकेतल्या वाहनचालकांनी गरज नसताना प्रीमियम भरून वर्षभरात २.१ अब्ज डॉलर वाया घालवले, असा अंदाज ‘एएए’ या संस्थेने २०१६ मध्ये मांडला होता.

प्रीमियम ‘रिक्वायर्ड’ असेल, तर तिथे काटकसर नको. टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनांना त्याची खरी गरज असते.

प्रीमियम ‘रेकमेंडेड’ असेल, तर निवड तुमची. नॉकिंगची चाहूल लागताच गाडीचा संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचतं, थोडी ताकद कमी होते. ‘एएए’च्या २०१७ च्या चाचण्यांत अशा गाड्यांचं मायलेज प्रीमियमवर सरासरी २.७ टक्के वाढलं. प्रीमियम त्याहून कितीतरी टक्के महाग असतं, त्यामुळे निव्वळ पैशांचा हिशोब जमत नाही. डोंगरात किंवा भर उन्हाळ्यात जड सामान ओढायचं असेल, तर मात्र जरूर भरा.

दोन ठिकाणी सावध राहा. कोलोरॅडोसारख्या उंचावरच्या राज्यांत ‘रेग्युलर’ म्हणून ८५ मिळतं. विरळ हवेत जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ते चालायचं. आजच्या गाडीत मॅन्युअलमधलाच आकडा पाळा. आणि ‘ई८५’ मधला ८५ हा ऑक्टेन नव्हेच! त्यात इथेनॉलचं प्रमाण खूप जास्त असतं आणि ते फक्त ‘फ्लेक्स फ्युएल’ गाड्यांसाठी असतं.

इंजिन स्वच्छ राहावं म्हणून प्रीमियम भरत असाल, तर पंपावर ‘टॉप टियर’ची खूण शोधा. ती असेल तिथे तिन्ही ग्रेडमध्ये स्वच्छता करणारी द्रव्यं पुरेशी असतात, ८७ मध्येसुद्धा.