तार तीच, मग वेग कुठला?

२००५ साली आमच्या घरी ब्रॉडबँड आले. नवी तार ओढावी लागली नाही. टेलिफोनच्याच तारेला मोडेम जोडला गेला. आईने विचारले, "अरे, तार तीच, मग वेग आला कुठून?" मी प्राध्यापक, पण उत्तर सुचले नाही.

उत्तर तारेच्या दोन्ही टोकांच्या चिपमध्ये होते. बोलण्याला तारेच्या क्षमतेचा थोडासाच भाग पुरतो; बाकीचा रिकामा असतो. तो वापरायच्या दोन पद्धतींत १९९० च्या दशकात अमेरिकेत चुरस होती. एटी अँड टीची 'कॅप' सारी माहिती एकाच वाटेने नेई. 'डीएमटी' तारेत २५६ बारीक वाटा पाडी आणि जिथे खरखर जास्त, तिथे भार कमी ठेवी. तिचे पुरस्कर्ते होते स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन सिऑफी आणि त्यांची छोटी अमाती कंपनी. १९९३ च्या चाचण्यांत डीएमटी सरस ठरली; १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली.

चिपची भाषा एक ठरल्यावर कोणाचाही मोडेम कोणाच्याही एक्स्चेंजशी बोलू लागला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ब्रॉडकॉम, कोनेक्झंट यांच्यात चढाओढ लागली, चिपचे भाव उतरले. कोनेक्झंटला २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ग्राहकाला मात्र स्वस्त मोडेम मिळाला.

आता घरी फायबर आहे. जुनी तार काढताना आईला सांगितले, "तार तीच होती, पण दोन्ही टोकांना एकमेकांची भाषा जाणणारे बसले होते." आई हसली, "मग घरातही तेच लागतं की!"