जुन्या मोटारीची पाणीगळती

ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण काही गाड्या अजून चालतात. अशा गाडीच्या रेडिएटरमधले पाणी रोज थोडे उतरत असेल, तर गळती शोधावी.

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असता झाकण उघडले, तर आतल्या दाबाने उकळते पाणी उसळून तोंड भाजते.

गळलेला थेंब इंजिनावर वाळून जातो, मागे पांढुरका किंवा तांबूस डाग उरतो. रबरी नळ्यांची टोके, पंपाची खालची बाजू पाहा. क्लिप सैल असेल तर आवळा, नळी चिरली असेल तर बदला.

काहीजण रेडिएटरमध्ये हळद टाकतात. भोक बुजते खरे. पण पाण्याच्या अरुंद वाटाही तुंबतात आणि इंजिन तापते. डाग कुठेच नाही, तरी पाणी उतरते, तर गाडी दामटू नये, मिस्त्रीला दाखवावी.