दादासाहेब, बाळासाहेब आणि दोन सभागृहे

वऱ्हाडात खासदार म्हटला की लोकसभेचा. राज्यसभेचा असेल तर लोक ‘मागच्या दाराचा’ म्हणतात. हा हिशेब निम्माच खरा आहे.

१९९८ साली अमरावतीतून रा. सू. तथा दादासाहेब गवई आणि अकोल्यातून प्रकाश तथा बाळासाहेब आंबेडकर, दोघेही रिपब्लिकन पक्षाचे, लोकसभेवर निवडून गेले. बाळासाहेबांनी त्याआधी, १९९० ते १९९६, राज्यसभा पाहिली होती, तीही राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून. दादासाहेब उलट वाटेने गेले: आधी लोकसभा, मग २००० पासून राज्यसभा. माणसे तीच, पण खुर्ची बदलली की हातातली ताकद बदलायची. १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अमरावतीच्या खासदार प्रतिभा पाटील यांना मत होते. बाळासाहेबांना नव्हते, कारण नियुक्त सदस्याला ते नसतेच.

१७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्या दिवशी दादासाहेब आणि बाळासाहेब, दोघांनाही मताचा अधिकार होता. राज्यसभेतले विरोधी पक्षनेते मनमोहन सिंग यांना नव्हता. मंत्रिमंडळ लोकसभेलाच जबाबदार. पुढे २००८ मध्ये स्वतःच्याच सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर पंतप्रधान मनमोहन सिंगांना मत देता आले नाही, ते याच कारणाने. पैशाच्या बाबतीतही राज्यसभा अशीच दुबळी. धनविधेयक तिला फार तर १४ दिवस धरून ठेवता येते, आणि तिच्या सूचना मानणे लोकसभेवर बंधनकारक नाही.

पण घटनादुरुस्ती आली की पारडे फिरते. तिथे दोन्ही सभागृहांत वेगवेगळे दोन तृतीयांश मत लागते, संयुक्त बैठकीची पळवाट नाही. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ वर अडले. दोन तृतीयांशाला एका मताचा अंशच कमी! इंदिरा गांधींच्या सरकारचे ते विधेयक त्या अंशाने पडले. शेती हा राज्यांचा विषय, तरी राष्ट्रहितासाठी त्यावर संसदेने कायदा करायचा तर आधी दोन तृतीयांशांचा ठराव राज्यसभेनेच करावा लागतो. कापसाच्या मुलखाने हे विसरू नये.

साध्या विधेयकावर भांडण जुंपले तर मात्र संख्या जिंकते. मार्च २००२ मध्ये राज्यसभेने फेटाळलेला ‘पोटा’ हा दहशतवादविरोधी कायदा संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ ने पार झाला. तेव्हा बाळासाहेब लोकसभेचे सदस्य होते, दादासाहेब राज्यसभेचे. त्या बैठकीपुरती दोघांच्या मताची किंमत सारखी.

आणि खासदार निधी? लोकसभेच्या खासदाराचा मुख्यतः मतदारसंघात, राज्यसभेच्या खासदाराचा राज्यभर. मोर्शी अमरावती जिल्ह्यात, लोकसभेला मतदान मात्र वर्धा मतदारसंघात. तिथले माजी आमदार अनिल बोंडे २०२२ पासून राज्यसभेत. समाजमंदिराचा अर्ज घेऊन निघालेला मोर्शीकर म्हणूनच दोन प्रती काढतो.