एरकूप विमानाच्या पुढील चाकातील बदल

एरकूप हे अमेरिकेत विकसित झालेले, दोन आसनांचे व एका इंजिनाचे हलके विमान आहे. त्याचे पहिले उड्डाण १९३७ मध्ये झाले. या विमानाचे पुढील चाक केवळ नाकाचा भार पेलत नाही. जमिनीवर असताना पंखाचा हवेशी होणारा कोनही त्याच्या उंचीवर अवलंबून असतो. त्यामुळे या चाकाच्या रचनेत केलेल्या लहान बदलाचाही विमान उतरवण्याच्या पद्धतीवर परिणाम होतो.

मूळ रचना

एरकूपचे रचनाकार फ्रेड वाइक यांचा उद्देश सामान्य माणसाला सहज चालवता येईल असे सुरक्षित विमान तयार करणे हा होता. त्या काळातील बहुतेक हलक्या विमानांना शेपटीखाली लहान चाक असे. वाइक यांनी त्याऐवजी नाकाखाली चाक दिले. मूळ विमानात पायाने चालवायचे रडर पेडल नव्हते. पंखांवरील एलेरॉन, शेपटीवरील दोन रडर आणि पुढील चाक ही सर्व वैमानिकाच्या हातातील नियंत्रणचक्राला जोडलेली होती.

आडव्या वाऱ्यात अवतरण

पेडल नसल्यामुळे आडव्या वाऱ्यात जमिनीला टेकण्यापूर्वी विमानाचे नाक धावपट्टीच्या दिशेत आणता येत नाही. एरकूप वाऱ्याकडे नाक वळवून तिरकेच उतरते. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. त्यामुळे ही चाके टेकताच टायरांवरील घर्षणाने विमान आपोआप सरळ होते. या क्षणी वैमानिकाने नियंत्रणचक्रावरील पकड सैल ठेवणे आवश्यक असते; अन्यथा वळलेल्या स्थितीत टेकलेले पुढील चाक विमानाला भलत्याच दिशेने खेचू शकते.

विमान सरळ होण्यासाठी टायरांवर पुरेसा भार असावा लागतो. मूळ रचनेत तिन्ही चाके जमिनीवर असताना पंखाचा कोन अल्प राहतो. नाक खाली येताच पंखाचे उत्थापन, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, मोठ्या प्रमाणात कमी होते आणि विमानाचे वजन चाकांवर येते.

दुहेरी फोर्क

सुरुवातीच्या विमानांत पुढील चाकाला एकाच बाजूने धरणारा फोर्क होता. पुढे दोन्ही बाजूंनी आधार देणारा, अधिक मजबूत दुहेरी फोर्क प्रचारात आला व तो अनेक जुन्या विमानांवरही बसवण्यात आला. या फोर्कमुळे नाक काहीसे उंच राहते. त्याचा लाभ उड्डाणाच्या वेळी होतो, कारण पंखाचा कोन आधीच वाढलेला असल्याने विमान लवकर जमीन सोडते.

उतरताना मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. तिन्ही चाके टेकल्यावरही पंखात उत्थापन शिल्लक राहते. वेग अधिक असल्यास विमान पुन्हा उसळते. टायरांवरील भार कमी झाल्याने ब्रेकचा प्रभाव घटतो, विमान सरळ होण्यास विलंब लागतो आणि आडवा वारा त्याला धावपट्टीच्या कडेकडे ढकलतो. नियंत्रणचक्र जोराने पुढे दाबणे हा यावरील उपाय नव्हे. त्यामुळे सारा भार पुढील चाकावर येऊन विमान एकचाकी हातगाडीप्रमाणे वळण्याचा धोका असतो. योग्य वेगाने येणे, मुख्य चाके प्रथम टेकवणे आणि नंतर नाक अलगद खाली आणणे हीच सुरक्षित पद्धत होय.

इतर घटक

मुख्य चाकांवरील धक्के शोषणाऱ्या रबरी गाद्या कालांतराने दबतात. त्यामुळे शेपटी खाली येते आणि नाक उंच केल्यासारखाच परिणाम होतो. पुढील चाकाच्या टायरचा आकार बदलल्यानेही विमानाची जमिनीवरील ठेवण बदलते. म्हणून फोर्क बदलताना तिन्ही चाकांचा एकत्रित विचार करावा लागतो.

प्रतिरूपांमधील फरकही महत्त्वाचा आहे. ४१५-सी या प्रतिरूपाचे कमाल वजन १,२६० पौंड (सुमारे ५७२ किलोग्रॅम) होते. ४१५-डी मध्ये ते १,४०० पौंड (सुमारे ६३५ किलोग्रॅम) करण्यात आले. मात्र एलेव्हेटरची वरच्या दिशेची हालचाल १३ अंशांवरून ९ अंशांवर आणण्यात आली. त्यामुळे उतरताना नाक वर धरून वेग कमी करण्यास कमी वाव राहतो. १९६० च्या दशकातील अलॉन ए-२ या प्रतिरूपात रडर पेडल देण्यात आले व टेकण्यापूर्वी विमान सरळ करणे शक्य झाले.