या बाटलीला जामीनदार कोण?

खोपोलीला बहिणीकडे गेलो की पाणी घ्यायला मी स्वतःच फ्रीज उघडतो. गेल्या पावसाळ्यात असाच उघडला, तर लोणच्याच्या बरणीमागे करंगळीएवढ्या काचेच्या तीन बाटल्या दिसल्या. तळाशी पांढरी भुकटी, वर रबरी बूच. लेबलावर इंग्रजीत छापले होते : फक्त संशोधनासाठी, माणसाने वापरू नये.

"हे कोणाचं गं?" मी भाचीला विचारले.

ती संकोचली. बाळंतपणानंतर वाढलेले तिचे वजन काही केल्या उतरेना. व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने या बाटल्या कुरिअरने मागवून दिल्या होत्या. भुकटी पाण्यात विरघळवायची आणि आठवड्यातून एकदा पोटाला टोचायची. "मामा, पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच तुकडा. डाळीत असतं तेच. महिन्यात चार किलो उतरले!" मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "उलट्या मात्र होतात. परवा कर्जतला गाडी बदलताना फलाटावर चक्कर आली."

मी काही डॉक्टर नव्हे. उभा जन्म बँकेत कागद तपासण्यात गेला. पण माणसाने वापरू नये असे ज्या बाटलीवर लिहिले आहे, ती घरातले माणूस वापरते हे पाहून मी या विषयाचे मिळेल ते वाचून काढले.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, हे भाचीचे म्हणणे खरे. १९२२ साली प्रथम माणसाला दिलेले इन्सुलिन ही अशीच ५१ दुव्यांची साखळी. पण डाळ पोटात पचते. टोचलेली साखळी थेट रक्तात जाऊन शरीराला हुकूम सोडते. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक सुटते आणि मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देते. ते काही मिनिटांतच विरते. शास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करून आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड बनवले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरले, नुसते पाणी टोचलेल्यांचे अडीच टक्क्यांच्या आसपास. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आले, हेही त्यांनी लपवले नाही. हे औषध आणि त्याचे भावंड टिर्झेपटाइड २०२५ पासून वजनासाठी आपल्याकडे रीतसर मिळते, मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

भाचीच्या बाटलीवर नाव होते रेटाट्रुटाइड. २०२३ मध्ये त्याची ३३८ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठ्या मात्रेने ४८ आठवड्यांत सरासरी २४ टक्के वजन उतरले. आकडा डोळे दिपवणारा, पण आपल्याकडे या औषधाला अजून परवानगी नाही.

चाचणी इतकी लांबते कशाला, असे कुणी विचारले की मला कर्जतचे भात संशोधन केंद्र आठवते. पीककर्जाच्या कामासाठी तिथे जाणे होई. नवे वाण जुन्याशेजारीच लावायचे. खत तेच, पाणी तेच. एका वाफ्यावर भिस्त नाही, एका हंगामावरही नाही. 'सह्याद्री' हे संकरित भात याच केंद्राने दिले. बियाणे फसले तर शेतकऱ्याचे एक पीक जाते, तरी एवढी काळजी! कागदावर झकास दिसणारी पेप्टाइडेही पुढे नापास होतात. चरबी वितळवते म्हणून गाजलेले एओडी-९६०४ चोवीस आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत टिकले नाही. त्यावर काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००७ साली ते सोडून दिले. बाजारात मात्र ते अजून विकले जाते.

आणि समजा, औषध चांगले आहे. तरी बाटलीत तेच आहे कशावरून? माझ्या पिढीला १९८६ चे जे. जे. रुग्णालय आठवत असेल. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष होते. चौदा माणसे गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या साऱ्या प्रकरणाची लक्तरे बाहेर काढली. तिथे निदान रुग्णालय होते, खरेदीची कागदपत्रे होती, जाब विचारायला माणसे होती. कुरिअरच्या बाटलीबाबत जाब कोणाला विचारणार?

विक्रेत्याने सोबत शुद्धतेचा दाखला पाठवला होता. भाचीने तो मोठ्या विश्वासाने दाखवला. मला हसू आले आणि वाईटही वाटले. कर्जदाराने स्वतःच्या घराची किंमत स्वतःच लिहून आणली, तर कुठली बँक कर्ज देईल?

मात्रेचा घोळ वेगळाच. भुकटीत किती पाणी घालायचे आणि सुईत किती रेघा ओढायच्या, हे घरातल्या ओट्यावर ठरते. अमेरिकेत औषधदुकानांनी बनवून दिलेले सेमाग्लुटाइड कुपीतून स्वतः ओढून घेताना काहींनी ठरल्याच्या पाच ते वीस पट मात्रा टोचून घेतली, असा इशारा तिथल्या औषध प्रशासनाने २०२४ साली दिला. परवानगी असलेल्या औषधांनीही मळमळ, उलट्या होतात. पित्ताचे खडे, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. फरक इतकाच, की तिथे लक्ष ठेवायला डॉक्टर असतो.

वजन उतरवावेसे वाटण्यात काही पाप नाही. लठ्ठपणा हा आजार आहे, आणि "तोंड आवर" हा सल्ला त्यावर उपचार नव्हे. भाचीला हा सल्ला घरातच रोज मिळत होता, आणि तो देणाऱ्यांत मीही होतो. म्हणूनच ती डॉक्टरांकडे न जाता त्या प्रशिक्षकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाटल्याही नेल्या. त्यांनी लेबल वाचले. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. ते तिच्यावर रागावले नाहीत. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि चक्कर कधी, किती वेळ आली ते नीट विचारले. तपासण्यांत थायरॉइड बिघडलेली निघाली. तिच्यासाठी गोळी सुरू झाली. वजनाच्या रीतसर औषधाचा विचार तीन महिन्यांनी करू, असे ठरले.

वजन आता हळूहळू उतरते आहे; महिन्याला चार किलो नाही, एखादा किलो. कर्जतला गाडी बदलताना तिला चक्कर येत नाही. आणि बहिणीकडे जेवताना तिच्या ताटाकडे बघून बोलायचे मी सोडले आहे.