जमेस न धरलेली कारकीर्द

इ. स. 633 च्या 12 ऑक्टोबरला हॅटफील्डच्या रणांगणावर नॉर्थम्ब्रियाचा राजा एडविन पडला, आणि ग्विनेडचा ब्रिटन राजा कॅडवालन व मर्सियाचा पेंडा यांच्या फौजांनी त्याच्या सैन्याची दाणादाण उडवताच, सतरा वर्षे एका छत्राखाली नांदलेले ते राज्य दुभंगले. दक्षिणेचा देइरा प्रांत एडविनचा चुलतभाऊ ऑस्रिक याच्याकडे गेला. उत्तरेच्या बर्निशियात, एडविनच्या अमदानीत परमुलखी आश्रयाने राहिलेला जुन्या राजघराण्यातील ईनफ्रिथ परतून गादीवर बसला. दोघेही दीक्षित ख्रिस्ती होते, आणि सत्ता हाती येताच दोघांनीही तो धर्म टाकून पूर्वजांची दैवते पुन्हा जवळ केली.

या धर्मत्यागाचे मला फारसे नवल वाटत नाही. 627 च्या ईस्टरला यॉर्क येथे एडविनला बाप्तिस्मा देणारा पाउलिनस विधवा राणीसह जलमार्गाने केंटला निघून गेला होता. नवा देव पत्करलेल्या राजाची काय गत झाली हे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. आणि मुलूख बेचिराख करणारा कॅडवालन तर स्वतः ख्रिस्तीच होता.

पुढल्या उन्हाळ्यात ऑस्रिकने कॅडवालनला एका तटबंदीच्या नगरात कोंडले. परंतु शत्रूने अकस्मात सर्व बळानिशी बाहेर पडून त्याला बेसावध गाठले व सैन्यासह कापून काढले. ईनफ्रिथने निराळा मार्ग धरला, तोही अविचाराचाच: अवघे बारा निवडक सरदार बरोबर घेऊन तो तहाच्या बोलण्यासाठी कॅडवालनच्या भेटीस गेला आणि तेथेच मारला गेला. त्यानंतर ईनफ्रिथचा भाऊ ऑस्वाल्ड याने रोमन तटाजवळ कॅडवालनचा निःपात करून दोन्ही प्रांत एकत्र आणले.

जारोच्या मठात बसून 731 मध्ये आपला इतिहास पूर्ण करणारा बीड येथे एक विलक्षण माहिती देतो. राजांच्या कारकिर्दींचा हिशेब ठेवणाऱ्यांनी, या दोघांची स्मृतीच नको म्हणून, ते वर्ष ऑस्वाल्डच्या खाती जमा करण्याचे एकमताने ठरविले. केंब्रिजच्या एका प्राचीन हस्तलिखितात असलेल्या राजांच्या यादीत एडविनची 17 वर्षे आणि लगेच ऑस्वाल्डची 9 वर्षे आहेत. वास्तविक 634 च्या विजयापासून 642 च्या ऑगस्टात मेसरफेल्थ येथे पडेपर्यंत त्याने आठच वर्षे राज्य केले. राजांची नावे गाळता येतात, वर्ष गाळता येत नाही, कारण तसे केले की पुढची सारी कालगणना एका वर्षाने चुकते. बीडची सहानुभूती उघडच हिशेबनिसांकडे आहे, त्या सालाला तो अमंगल म्हणतो. तथापि तेरजेत दडपलेली रक्कम त्यानेच तपशिलासह मांडली, हा त्याच्या लेखणीचा प्रामाणिकपणा.

दोघांचे वंश मात्र खारीज झाले नाहीत. ईनफ्रिथचा पुत्र टालोर्कन पिक्टांचा राजा झाला. ऑस्रिकचा पुत्र ऑस्विन 644 मध्ये देइराच्या गादीवर आला, त्याच्या विनयाची बीडने मनापासून स्तुती केली आहे; 651 मध्ये ऑस्वाल्डचा भाऊ ऑस्विउ याच्या हुकमाने त्याचा वध झाला, आणि पुढे टाइनमथ येथे लोक त्याला संत म्हणून भजू लागले.