भरसमुद्रातल्या मुशीचा वाली कोण?

आंतरराष्ट्रीय समुद्रातल्या जीवसृष्टीचा करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आणि महासागराला अखेर कायदा मिळाला, असा सूर लागला. आनंद रास्तच आहे. समुद्राचा जवळजवळ दोन तृतीयांश पृष्ठभाग कुठल्याच देशाच्या हद्दीत येत नाही. तिथे राखीव क्षेत्रं जाहीर करण्याची वाट आता मोकळी झाली. भारतानेही सप्टेंबर २०२४ मध्ये या करारावर सही केली आहे. पण कोणी किती मासे पकडायचे, कोणता शार्क बोटीत घ्यायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे हा करार ठरवत नाही. तो अधिकार जुन्या मासेमारी आयोगांकडेच राहिला आहे. आपल्या बाजूच्या समुद्रात तो सेशल्समध्ये मुख्यालय असलेल्या हिंद महासागर ट्यूना आयोगाकडे आहे. म्हणजे शार्कचं भवितव्य ज्यांच्या हाती, तो आयोग मुळात कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, स्थापन झालेला. खरी मेख इथेच आहे.

सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही इकडे बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या पिढ्यांना शार्क परका नाही. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना मेणाच्या ट्रेमध्ये ‘स्कोलिओडॉन’ टाचण्यांनी ताणून बसवायचा, डोक्यावरची खरखरीत कातडी सोलायची आणि मेंदूतून निघणाऱ्या पांढुरक्या नसा न तुटू देता मोकळ्या करायच्या, हे प्रॅक्टिकल महाराष्ट्रातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चाललं. २०११ नंतर यूजीसीच्या सूचनांमुळे ही विच्छेदनं बंद होत गेली. तो स्कोलिओडॉन म्हणजे कोकण किनाऱ्यावरच्या बाजारात रोज दिसणारी छोटी मुशी.

मुशीचा बारकाईने अभ्यास झाला तो मुंबईतच, आणि त्याची आठवण आज फारशी कोणाला नाही. दुसऱ्या महायुद्धात कॉडलिव्हर ऑइलची आयात आटली, तेव्हा भारतात शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. त्याच दशकात एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर या दोन संशोधकांनी मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या शार्क-पाकटांची पोटं उघडून पिल्लं कशी वाढतात हे नोंदवलं. सारंगधरांनी १९४३ मध्ये टायगर शार्कच्या खाण्यावर आणि प्रजननावर निबंध लिहिला. १९४८ मध्ये दोघांनी मिळून मुशीच्या वाढीचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, म्हणजे माहीत असलेल्या शार्कांत सर्वांत लहान. पुढचं सगळं पोषण आईकडून, वारेतून. पाच-सहा महिन्यांत वीतभर पिल्लं जन्मतात, एका वेळी डझनभरही. वर्ष-दोन वर्षांत तीही वयात येतात. आज कोणत्या जातीचा शार्क किती मासेमारी सोसेल याचं गणित मांडताना अशाच नोंदी लागतात. भरसमुद्रातल्या शार्कांच्या बाबतीत अशा नोंदींची फार मोठी उणीव आहे.

तिकडचा हिशेब अगदी वेगळा आहे. लांबलचक शेपटीच्या, मोठ्या डोळ्यांच्या थ्रेशर शार्कला एका वेळी बहुधा दोनच पिल्लं होतात. माको शार्कच्या मादीला वयात यायलाच दीड-दोन दशकं लागतात. असा मासा एका देशाने सोडला आणि दुसऱ्याने पकडला, तर पहिल्याचा संयम फुकट जातो. ‘नेचर’मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या समुद्रातल्या शार्क-पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली, आणि त्यांच्यावरचा मासेमारीचा ताण अठरा पटींनी वाढला.

ट्यूना आयोगाने थ्रेशर बोटीवर ठेवायला बंदी केली. २०१३ मध्ये पांढऱ्या टोकांच्या परांचा ओशनिक व्हाइटटिप शार्कही त्या यादीत आणला. आयोगाच्या नियमाप्रमाणे सदस्य देश १२० दिवसांत हरकत घेऊ शकतो आणि मग तो ठराव त्याला लागू होत नाही. व्हाइटटिपच्या ठरावावर अशी हरकत भारताने घेतली. आपल्याच हद्दीत, स्थानिक खाण्यापुरती मासेमारी करणाऱ्या छोट्या मच्छीमारांना त्या ठरावात सूट होती. म्हणून गरीब मच्छीमारासाठी हरकत घेतली, हे समर्थन टिकत नाही. सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांत ज्याची गणना होते, त्याने सामायिक माशाच्या बाबतीत अशी पळवाट घेणं चुकीचंच होतं.

घरच्या कायद्यात मात्र भारत बराच पुढे आहे. पर कापून धड समुद्रात फेकण्यावर २०१३ मध्ये बंदी आली, २०१५ मध्ये परांची निर्यात थांबली. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर शार्क-पाकटांच्या संरक्षित जाती दहावरून २६ वर गेल्या. आता बाहेरचा फासही आवळला आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या समरकंद परिषदेत डिसेंबर २०२५ मध्ये व्हाइटटिप आणि व्हेल शार्क पहिल्या, म्हणजे व्यापारबंदीच्या, परिशिष्टात गेले. साइट्सच्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय समुद्रात पकडलेला मासा किनाऱ्यावर आणणं हासुद्धा व्यापारच. म्हणजे ट्यूना आयोगात जे सुटलं, ते बंदरावर अडवता येईल. त्यासाठी अट एकच, बंदरावर उभ्या माणसाला जात ओळखता आली पाहिजे.

कायदा कागदावर येतो आणि मच्छीमाराच्या गळी उतरत नाही, याचा अनुभव २००१ ने दिला आहे. त्या वर्षी जुलैत सगळेच शार्क आणि पाकट एका फटक्यात संरक्षित झाले. किनाऱ्यावरून विरोध उठला आणि डिसेंबरपर्यंत यादी दहा जातींवर आली. उलट महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ च्या अखेरीस सुरू केलेली योजना पाहा. जाळ्यात व्हेल शार्क, कासव किंवा डॉल्फिन अडकला तर तांडेलाने जाळं कापून त्याला सोडायचं, फोटो काढायचे आणि फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. मासा वाचवण्याचा खर्च एकट्या मच्छीमाराच्या माथी नको, इतकं साधं तत्त्व आहे हे.

आता नव्या बोटी दूर जाणार आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांत किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीत सहकारी सोसायट्यांना प्राधान्य आहे. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि दोन बोटींनी एक जाळं ओढणं बंद आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण कुप्यासाठी सोडलेल्या लाँगलाइनवर, म्हणजे ओळीने गळ लावलेल्या लांब दोरीवर, शार्क लागणारच. अशा वेळी गळाच्या वरचा हातभर तुकडा कशाचा आहे यावर बरंच अवलंबून असतं. तो तारेचा असेल तर शार्क अडकून राहतो. नायलॉनचा असेल तर दातांनी कातरून निघून जातो. सोसायट्यांना अनुदान देताना नायलॉनची अट घालावी, कापलेल्या जाळ्याप्रमाणे तुटलेल्या गळाचीही भरपाई द्यावी आणि प्रत्येक बंदरावर जात, लांबी, नर-मादी नोंदवणारा प्रशिक्षित माणूस नेमावा. ट्यूना आयोगाच्या बैठकीत शार्कबाबत पुन्हा हरकत घ्यायची नाही, हे दिल्लीने आधीच जाहीर करून टाकावं.